बिडावर उमटलेला जन्मदाखला: अमेरिकन मसल कारच्या इंजिनाचा नंबर कसा वाचायचा?

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण सुरुवात तुमच्या घरातल्याच एका कागदापासून करू. तुमच्या गाडीचं आरसी बुक काढून बघा. त्यावर दोन नंबर दिसतील, एक चॅसी नंबर आणि एक इंजिन नंबर. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना किंवा दुसऱ्या राज्यात नेताना चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडायचा, हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. इंदूरला असा, हैदराबादला असा की बडोद्याला, आरटीओची ही रीत सगळीकडे सारखीच. आपल्याकडे इंजिनाचा नंबर सरकारी कागदावर असतो, त्यामुळे इंजिन बदललं तर तशी नोंद करून घ्यावी लागते.

अमेरिकेत गोष्ट उलटी झाली. एके काळी तिथेही इंजिनाचा नंबर म्हणजेच गाडीचा नंबर होता. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत इंजिनावरचाच आकडा चॅसीवरही मारलेला असे. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत मागे पडत गेली. गाडीला स्वतःचा स्वतंत्र ओळख क्रमांक मिळाला. त्याला तिकडे ‘व्हिन’ म्हणतात. इंजिनावरचा नंबर उरला तो कारखान्याच्या सोयीपुरता. आणि याच दुर्लक्षित नंबरावर पुढे लाखो डॉलरचे व्यवहार ठरू लागले. हे कसं झालं आणि त्या नंबराचा खरेखोटेपणा कसा तपासतात, ते आज बघू.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं, ही मसल कारची साधी व्याख्या. इतिहासकार बहुधा १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून सुरुवात करतात. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवीन मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट लमाँ या गाडीवरचा ‘पर्याय’ म्हणून त्यांनी ३८९ घन इंचांचं इंजिन देऊ केलं. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या.

आपल्या विषयाची मेख या पळवाटेतच आहे. जीटीओ हा फक्त पर्याय असल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाडीचा व्हिन वाचून ती जीटीओ आहे की साधी लमाँ, हे कळत नाही. १९६६ ला ते स्वतंत्र मॉडेल झालं आणि मगच व्हिनच्या सुरुवातीला २४२ हे आकडे आले. म्हणजे गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाडीच्या ओळखपत्रावर लिहिलेलीच नव्हती.

शेवरलेटमध्ये हा पेच आणखी मोठा झाला. उदाहरण म्हणून १९६९ ची कमॅरो घेऊ. तिचा व्हिन १२४३७ ९ एन ६४०१२३ असा काहीसा असतो (शेवटचे आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत). पहिला १ म्हणजे शेवरलेट. पुढच्या चार आकड्यांवरून कमॅरो, व्ही-८ इंजिन आणि दोन दारांची कूपे बॉडी हे कळतं. ९ म्हणजे १९६९. एन म्हणजे ओहायो राज्यातला नॉरवुडचा कारखाना. त्या जागी एल असता तर कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइस. शेवटचे सहा आकडे म्हणजे अनुक्रमांक.

यात इंजिनाबद्दल किती माहिती आली? एवढीच, की ते व्ही-८ आहे. आता त्या वर्षी कमॅरोत ३०७ घन इंचांचं साधं इंजिनही व्ही-८ होतं, झेड/२८ या शर्यतीच्या गाडीतलं ३०२ ही व्ही-८ होतं आणि ४२७ घन इंचांचं राक्षसी इंजिनही व्ही-८ च. तिघांचा व्हिन एकाच घाटाचा. कोणतं इंजिन आहे ते सांगणारं अक्षर शेवरलेटच्या व्हिनमध्ये आलं १९७२ पासून, म्हणजे मसल कारचा भर ओसरू लागल्यावर.

क्रायस्लर आणि फोर्ड यांचं तसं नव्हतं. त्यांच्या व्हिनमधलं पाचवं अक्षरच इंजिन सांगायचं. १९७० आणि १९७१ च्या डॉज-प्लिमथ गाड्यांत आर म्हणजे ४२६ हेमी. फोर्ड मस्टँगमध्ये झेड म्हणजे बॉस ४२९, जी म्हणजे बॉस ३०२. त्यामुळे साध्या प्लिमथची कोणी ‘हेमी’ करून विकायला काढली, तर व्हिनच चुगली करतो. शेवरलेटवाल्याला ही सोय नाही. त्याला बॉनेट उघडून इंजिनाकडेच जावं लागतं.

दोन गावं, दोन ठसे

शेवरलेटच्या व्ही-८ इंजिनात, पुढच्या बाजूला, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी उघडी दिसते. त्यावर नंबर पंच केलेला असतो.

पहिला ठसा इंजिनाच्या कारखान्यात बसायचा. समजा तो ‘व्ही ०४२२ डीझेड’ असा आहे. व्ही म्हणजे मिशिगनमधलं फ्लिंट. मोठी ‘बिग ब्लॉक’ इंजिनं न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा इथे बनायची, त्यांना टी. ०४२२ म्हणजे २२ एप्रिलला इंजिन जुळवलं. इथे वर्ष दिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. शेवटचं डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२ घन इंचांचं इंजिन. हे ३०२ च का, तर ट्रान्स-ॲम शर्यतीत ३०५ घन इंचांची मर्यादा होती. १९६७ ला अशा झेड/२८ फक्त ६०२ बनल्या होत्या. १९६९ पर्यंत तो आकडा वीस हजारांच्या घरात गेला.

मग ते इंजिन शेकडो मैल प्रवास करून नॉरवुडला पोहोचायचं. तिथे ज्या गाडीत ते बसणार, तिच्या व्हिनचा संक्षेप त्यावर मारला जायचा. आपल्या नमुन्यात तो ‘१९एन६४०१२३’ असा होईल. म्हणजे शेवरलेटचा १, वर्षाचा ९, नॉरवुडचा एन आणि अनुक्रमांक. कधी हा दुसरा ठसा त्या पट्टीवरच असतो, कधी खाली ऑइल फिल्टरच्या वर, ब्लॉकच्या खडबडीत भागावर.

हा दुसरा ठसा आला कशासाठी? मुख्यतः चोरीसाठी. १९६० च्या दशकात अमेरिकेत गाड्यांची चोरी हा मोठा डोकेदुखीचा विषय झाला होता. व्हिनची पट्टी बाहेरून, समोरच्या काचेतून वाचता आलीच पाहिजे, असा संघराज्याचा नियम १ जानेवारी १९६९ पासून लागू झाला. जनरल मोटर्सने १९६८ च्या मॉडेलपासून इंजिन आणि गिअरबॉक्सवर व्हिनचा संक्षेप मारण्याची रीत सर्रास केली. पोलिसांना चोरीचं इंजिन ओळखता यावं, एवढाच हेतू. पन्नास वर्षांनी लिलावात कोणी भिंग घेऊन ते आकडे वाचेल, असं पंच मारणाऱ्या कामगाराच्या स्वप्नातही नसणार. म्हणून तर ते ठसे वेडेवाकडे, काही खोल, काही उथळ असे असतात.

इंजिनं हरवली कशी?

तुम्ही म्हणाल, गाडी तीच आहे तर इंजिन कुठे जाणार? पण या गाड्या विकत घेतल्या कोणी, ते बघा. विशीतल्या पोरांनी. शुक्रवारी रात्री रस्त्यावर, रविवारी ड्रॅग स्ट्रिपवर. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की इंजिन भंगारात. वॉरंटी असेल तर कंपनी दुसरा ब्लॉक द्यायची. अशा बदली ब्लॉकवर ‘सीई’ ही अक्षरं असत आणि मूळ नंबर नसे.

पुढे १९७० चा हवा शुद्धीकरण कायदा आला, विम्याचे हप्ते चढले, १९७३ ला तेलसंकट आलं. या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागल्या. मोठं इंजिन काढून दुसऱ्या गाडीत, नाहीतर बोटीत बसवलं गेलं. यात कोणाचा काही कट नव्हता. वापरातल्या वस्तूचं जे होतं ते झालं.

झेडएल-१ ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९६९ ला शेवरलेटने ४२७ घन इंचांचं पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन घातलेल्या फक्त ६९ कमॅरो बनवल्या. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी त्यातल्या ५० मागवल्या होत्या. एकट्या इंजिनाची किंमतच ४,००० डॉलरच्या वर, त्यामुळे गाडी ७,००० डॉलरच्या पुढे गेली. गिऱ्हाईक मिळेना. बहुतेक गाड्या कंपनीला परत घेऊन इतर विक्रेत्यांकडे पाठवाव्या लागल्या. आज ती अमेरिकन मोटारींच्या इतिहासातली अत्यंत दुर्मीळ गाडी मानली जाते. पण तिचा व्हिन? १२४३७ नेच सुरू होणारा. कोणत्याही साध्या व्ही-८ कमॅरोसारखा.

पैसा आला, तसे पंचही आले

१९८० नंतर हळूहळू आणि २००० नंतर झपाट्याने या गाड्यांचे भाव वाढले. तरुणपणी ज्यांना त्या परवडल्या नव्हत्या, ती पिढी आता पैसेवाली झाली होती. २०१४ ला सिॲटलच्या लिलावात १९७१ ची प्लिमथ हेमी कूडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाड्या जेमतेम ११ बनल्या असं मानलं जातं.

लिलावाच्या पुस्तिकेत मग ‘नंबर्स मॅचिंग’ हे दोन शब्द मंत्रासारखे दिसू लागले. गाडी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे नंबर एकमेकांशी जुळतात, असा त्याचा अर्थ. पण प्रत्येक विक्रेता तो आपल्या सोयीने ताणतो. कोणी म्हणतं, गाडी जन्मली तेव्हाचंच इंजिन आहे. कोणी म्हणतं, इंजिन त्या प्रकारचं आणि त्या तारखांचं आहे, एवढं पुरे. या दोन दाव्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि किमतीतही मोठा फरक पडतो.

मूळ इंजिन नाही आणि त्यासाठी पैसे तर जास्त मिळतात. मग काय करायचं? त्या काळचा एक ब्लॉक शोधायचा, पट्टीवरचा जुना नंबर ग्राइंडरने घासून काढायचा आणि अक्षरांचे पंच आणून हवा तो नंबर मारायचा. याला तिकडे ‘रीस्टॅम्प’ म्हणतात.

खोटं पकडतात कसं?

जाणकार माणूस पट्टीवरचे आकडे शेवटी वाचतो. आधी तो बिडाचा पृष्ठभाग बघतो. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने एका दमात तासला जायचा. त्यामुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर, सरळ रेघा उमटतात. नंबर मारला गेला तो या रेघांवर. म्हणजे अस्सल ठशात अक्षरांच्या अवतीभवती रेघा अखंड दिसल्या पाहिजेत. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, रेघा गोलाकार असतील किंवा हाताने सॅंडपेपर फिरवल्यासारख्या तिरप्या असतील, तर शंका घ्यायची.

पण इथे एक सावधगिरी हवी. इंजिन बांधताना मिस्त्री ब्लॉकचं फेसिंग करतो, म्हणजे वरचा पृष्ठभाग थोडा तासून सपाट करतो. त्या कामात पट्टीवरचा नंबर सहज उडून जातो. म्हणजे नंबर नसलेला ब्लॉक अगदी मूळचाही असू शकतो. मालक प्रामाणिक, इंजिन खरं, फक्त पुरावा एका लेथवाल्याच्या हातून गेलेला. असे दुर्दैवी मालक अनेक आहेत आणि खोटा नंबर मारून घेण्याचा मोह सगळ्यात जास्त त्यांनाच होतो.

दुसरी पायरी अक्षरांची. इंजिनाच्या कारखान्यातला ठसा पंच एका पट्टीत बसवून एकत्र मारलेला, तर गाडीच्या कारखान्यातला दुसऱ्या साधनाने, दुसऱ्या हाताने. दोन्ही ठसे एकाच वळणाचे, एकाच खोलीचे दिसले, तर ते एकाच माणसाने एकाच दिवशी मारले असण्याची शक्यता वाढते. त्याच आठवड्यातल्या, खात्रीच्या गाड्यांच्या ठशांचे फोटो शेजारी ठेवून अक्षरांचं वळण ताडून बघतात.

तिसरी पायरी तारखांची, आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण तिला फक्त तर्क लागतो. ब्लॉक ओतताना साच्यातूनच त्यावर तारीख उठते. शेवरलेटमध्ये महिन्याला अक्षर असतं. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. ‘डी १५ ९’ म्हणजे १५ एप्रिल १९६९. हे उठावदार आकडे ओतीव कामाचाच भाग असल्याने बदलणं अवघड. आता क्रम लावा. आधी ब्लॉक ओतला, १५ एप्रिल. मग इंजिन जुळवलं, २२ एप्रिल. मग गाडी बनली. बॉनेटखालच्या बॉडीच्या पट्टीवर ‘०५ए’ असेल तर मे महिन्याचा पहिला आठवडा. हा क्रम बसतो. पण ब्लॉकवर ‘एफ’ म्हणजे जून असेल आणि गाडी मे महिन्याची असेल, तर पट्टीवरचा नंबर कितीही देखणा असो, आईच्या आधी मूल जन्मल्यासारखा तो प्रकार झाला.

ओतीव कामाचा भाग-क्रमांकही बघतात, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. ३९७००१० हा क्रमांक १९६९ च्या काही झेड/२८ च्या ब्लॉकवर सापडतो, आणि पुढे वर्षानुवर्षं बनलेल्या साध्या ३५० घन इंचांच्या इंजिनांवरही. खोट्याचा कच्चा माल म्हणून तोच स्वस्तात मिळतो.

चौथी पायरी कागदांची. पॉन्टिॲकच्या मूळ बिलांच्या प्रती पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची माहिती केविन मार्टी यांच्या मार्टी ऑटो वर्क्सकडे आहे. अमेरिकेत बनलेल्या शेवरलेटसाठी असं सर्वंकष दफ्तर नाही. मग लोक शोधतात प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीसाठी मालकाला दिलेली छोटी धातूची पट्टी, जिच्यावर व्हिन आणि इंजिनाचा कोड उठवलेला असे. किंवा बिल्ड शीट, म्हणजे जुळणी करणाऱ्या कामगारांसाठीचा कागद, जो कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. अर्थात कागदही छापता येतात. म्हणून एकाच पुराव्यावर थांबायचं नाही. बीड, ठसे, तारखा आणि कागद यांची साक्ष एकमेकांशी जुळते का, ते बघायचं.

घासलेला नंबर परत उजेडात आणण्याचा मार्गही आहे. पंच बसतो तेव्हा अक्षराखालचा धातूही दबतो. वरचा थर घासला तरी खालचा ताण उरतो आणि रसायन लावल्यावर किंवा चुंबकीय तपासणीत जुनी अक्षरं कधी कधी दिसू लागतात. पोलिसांच्या प्रयोगशाळा हेच तंत्र वापरतात. यश दर वेळी येतंच असं नाही.

मग खरं काय मानायचं?

अमेरिकेतल्या हौशी मंडळींत यावर जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, आम्ही गाडीला नवीन रंग देतो, नवीन सीट कव्हर घालतो, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. मग नंबरही कारखान्यासारखा मारला तर काय बिघडलं? दुसरी बाजू म्हणते, रंग ही वस्तू आहे, नंबर ही साक्ष आहे. रंग नवा आहे हे बघणाऱ्याला कळतं. नंबर मात्र ‘मी इथेच जन्मलो’ असं सांगतो. ते खोटं असेल तर ती खोटी साक्ष झाली.

मला दुसरी बाजू पटते. कायद्याचाही कल तिकडेच आहे. चोरीविरोधी कायद्याने १९८४ मध्ये गाडीचा ओळख क्रमांक बदलणं हा संघराज्याचा गुन्हा केला. राज्यांचे आपापले कायदे वेगळे. आणि रीस्टॅम्प केलेलं इंजिन मूळचं म्हणून विकणं, ही तर सरळ फसवणूक.

नुकसान फक्त एका खरेदीदाराचं होत नाही. खोटे ठसे जितके वाढतात, तितकं खऱ्या ठशावरही कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याने पन्नास वर्षं आपली गाडी जपली, त्यालाच आज ती खरी आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. इतिहासाच्या कुठल्याही साधनाचं हेच होतं. ताम्रपट असो, सनद असो की नाणं, बनावट माल बाजारात आला की अस्सल वस्तूचंही मोल डळमळतं.

उलट, ‘हे मूळ इंजिन नाही, १९७१ ला वॉरंटीत बदललं, हा बघा सीईचा ठसा’ असं सांगणारी गाडी स्वतःचं आयुष्य खरं सांगते. तिला पैसे कमी मिळतील, पण तिच्यातून त्या काळाबद्दल काहीतरी शिकता येतं.

हे सगळं आपल्याला दूरचं वाटेल. शिवडीचा जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ ला सुरू होऊन १९५४ ला थांबला, म्हणजे मसल कारच्या दहा वर्षं आधीच. पण २०२१ ला भारत सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. त्यात अट आहे ती मूळ स्वरूप जपल्याची. म्हणजे ‘मूळ’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. घरात आजोबांची जुनी गाडी किंवा स्कूटर असेल तर एवढं करा: इंजिन बांधायला देण्याआधी त्यावरच्या नंबराचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, आणि मिस्त्रीला सांगा, फेसिंग करताना ही जागा सांभाळ. इंजिन पुन्हा बांधता येतं, गेलेला ठसा परत येत नाही.

आजच्यापुरतं इथेच थांबू.